प्लग गेज

अंबडच्या शेडमध्ये तेवीस वर्षं मी बोअर तपासतो.
हातात पोलादी दांडी, दोन टोकांची.
एक टोक आत गेलं पाहिजे,
दुसरं अडलं पाहिजे.
दोन्ही गेली तर माल रिजेक्ट.
दोन्ही अडली तर पुन्हा मशीनवर.

कृत्तिकाला दोन ठिकाणांहून होकार आलाय.
शुक्रवारी पाचपर्यंत कळवायचं.
आज बुधवार, आणि गेले नऊ दिवस
भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा
घरात कोणी बोललेलं नाही.

एक कॉलेज, छोटं. सगळी मिळून दोनशे साठ मुलं.
इतिहास घ्या, सोबत संख्याशास्त्र घ्या,
वर चाकावर मडकी करायला शिका.
बघायला गेलो तेव्हा ग्रंथपाल बाईंनी
मार्क नाही विचारले,
अर्धवट सोडलेलं पुस्तक विचारलं.
पोरीने खरं सांगितलं.
बाई हसल्या. "मीही तिथेच सोडलं होतं."
मला उभ्याउभ्या सही करावीशी वाटली.

दुसरं विद्यापीठ. मध्यम आकाराचं म्हणे,
शर्ट असतो तसं.
सात हजार मुलं, आतल्या आत फिरायला बस,
वाचनालय रात्री दोनपर्यंत उघडं.
गेटवरच्या माणसाने नावही न विचारता
बोट दाखवलं: सरळ.
ती सरळ गेली. मी पाणी शोधत मागे राहिलो.
पाऊण तासाने आली,
चेहरा आत्ताच धुतल्यासारखा.

निर्मलाने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर दोन रकाने पाडले.
फी. मेस. अंतर. शिष्यवृत्ती.
आणि शेवटी: ताप आला तर कोण?
छोट्या कॉलेजच्या खाली लिहिलं, "सगळे."
दुसऱ्या रकान्यात पेन नुसतंच टेकवून ठेवलं.
शाईचा ठिपका पसरत गेला.

बागूल म्हणाले, एवढ्याशा ठिकाणची डिग्री
उद्या कोण ओळखणार?
मी म्हटलं, पोरीला तर ओळखतील.
बोलताना फार बरं वाटलं.
रात्री झोप नाही आली.

रविवारी आम्ही दोघंच पांडवलेणीला गेलो.
पायऱ्यांवर माझा गुडघा बोलायला लागला.
ती थांबत थांबत चढली,
माझ्यासाठी थांबतेय हे कळू न देता.
एका लेण्यात भिंतीत कोरलेल्या खोल्या,
दगडी ओटा एका माणसापुरता.
ती आत जाऊन बसली. म्हणाली,
"इथे आवाज लगेच परत येतो. कोमट."
मग चैत्यात गेली,
खांबांच्या ओळीत माझ्याकडे पाठ करून
काहीतरी बोलली.
मी विचारलं, काय?
"तुम्हाला नव्हतं, बाबा."

उतरताना खाली हायवे,
पलीकडे अंबडचे पत्रे चकाकत होते.
माझी शेड कुठली, ते मलाही ओळखू येईना.
ती म्हणाली, "त्या बाई मला फारच आवडल्या.
म्हणून तर भीती वाटते.
तीन वर्षं मी त्यांना आवडेल तेच वाचत बसेन."

मी बाटलीचं झाकण लावत राहिलो.
लागलेलंच होतं.
मी कॉलेज बघत होतो म्हणे.
माझ्या जागी पाळीला उभं राहील
असं माणूस बघत होतो.

आज दुसरी पाळी. चारशे नगांचा लॉट.
गेलं. अडलं. गेलं. अडलं.
अडतं तिथे हाताला एक बारीक ठोका बसतो,
तेवीस वर्षांत त्याच्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं.

घरी आलो तेव्हा साडेबारा. तिच्या खोलीत दिवा.
दार वाजवायला हात वर केला,
तसाच खाली घेतला.
टेबलावर कॅलेंडर पालथं पडलेलं.
दुसऱ्या रकान्यात, ठिपक्याला लागून,
तिच्या तिरक्या अक्षरात:
क्रोसिन. झोप. जमल्यास फोन.